घरी परतलेला घोडेस्वार

आजचं वाचन : लूक १५:११-२४



उधळ्या पुत्राचा दाखला आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलाय की तो सुरू झाला की पुढचं सगळं माहीत आहे असं वाटतं आणि लक्ष उडतं. पण आज सकाळी लोकलमध्ये उभ्यानं मोबाइलवर वाचताना मी एका जागी अडकले. तो मुलगा परदेशात डुकरं राखताना बापाशी काय बोलायचं त्याची तयारी करतो. अक्षरशः भाषण पाठ करतो. आणि घरी पोचल्यावर बाप त्याला ते पुरं करूच देत नाही. मला नोकर म्हणून ठेवून घ्या, हे शेवटचं वाक्य पोराच्या तोंडातच राहतं. तोवर बापानं झगा, अंगठी आणि जोडे मागवलेले असतात.

भाषण पाठ करणं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक आहे. नोकरीसाठी शहरात आले आणि हळूहळू माझं चर्चला जाणं सुटलं. कुणाशी भांडण नाही, कसला धक्का नाही. आधी एक रविवार झोपेत गेला, मग दुसरा, मग सवयच लागली. आई फोनवर विचारायची, मिस्साला गेलीस का? मी हो म्हणायचे. असं जवळजवळ चार वर्षं चाललं. परत जावंसं वाटायला लागलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की आधी माझे सगळे प्रश्न सोडवीन, बायबल नीट वाचीन, थोडी तरी चांगली होईन आणि मगच कन्फेशनला जाईन. आमची आजी त्याला कुमसार म्हणायची. ते ‘मगच’ काही उगवत नव्हतं.

त्या दिवसांत मला शार्ल दे फुको भेटला, म्हणजे त्याचं चरित्र हाती आलं. फ्रेंच घोडदळातला अधिकारी, पुढे वाळवंटातला एकांतवासी, आणि २०२२ पासून चर्चचा संत. संत असला तरी मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे, कारण माझी त्याची ओळख झाली ती भरकटलेला मुलगा म्हणूनच.

शार्लचा जन्म १५ सप्टेंबर १८५८ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात झाला. घराणं सरदारी, पैसा भरपूर, आई अतिशय भाविक. पण १८६४ या एकाच वर्षात आधी आई गेली आणि काही महिन्यांत वडीलही गेले. शार्ल तेव्हा सहा वर्षांचाही नव्हता. तो आणि धाकटी बहीण मारी, दोघांना आईच्या वडिलांनी सांभाळलं. हे आजोबा लष्करातून निवृत्त झालेले कर्नल होते आणि नातवावर त्यांचा फार जीव होता. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध झालं, स्ट्रासबर्ग जर्मनांकडे गेलं आणि हे कुटुंब नान्सी शहरात येऊन राहिलं.

१८७२ मध्ये शार्लनं पहिला ख्रिस्तप्रसाद घेतला, तोही मनापासून. आणि दोनच वर्षांत, सोळाव्या वर्षाच्या आसपास, त्याची श्रद्धा संपली. त्याचा वाचनाचा झपाटा मोठा होता. पुस्तकांमागून पुस्तकं वाचता वाचता त्याला वाटायला लागलं की कशाचाच पक्का पुरावा नाही. इतके धर्म, प्रत्येक जण म्हणतो मीच खरा, मग मानायचं कुणाला? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे ना? आपल्याला तो हॉस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता पडतो. त्याला दीडशे वर्षांपूर्वी पडला होता. देवाला त्यानं विरोध केला नाही, फक्त त्याचा विचार करणं सोडून दिलं. माझ्यासारखंच.

पुढचा काळ त्यानं स्वतःच नंतर मोठ्या लाजेनं आठवला. पॅरिसच्या येशूसंघीय शाळेतून त्याला काढून टाकलं. तरी १८७६ मध्ये तो सॅं-सीरच्या लष्करी अकादमीत दाखल झाला. १८७८ मध्ये आजोबा वारले. जगात उरलेला हा एक आधार गेला आणि त्याच वर्षी मोठी वारसासंपत्ती हाती आली. शोक आणि पैसा एकदमच आले. सोम्यूरच्या घोडदळ शाळेत त्याची खोली मेजवान्यांसाठी प्रसिद्ध झाली. उंची सिगार, उत्तम दारू, पत्ते, उधारीवर आलेल्या मित्रांना सढळ हातानं पैसे. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा ८७ जणांत त्याचा नंबर ८७ वा होता.

१८८० च्या अखेरीस त्याची पलटण अल्जेरियाला गेली. शार्लनं आपल्या मीमी नावाच्या मैत्रिणीला बायको म्हणून सोबत नेलं. प्रकार उघडकीला आल्यावर वरिष्ठांनी तिला परत पाठवायला सांगितलं, त्यानं साफ नकार दिला, आणि १८८१ मध्ये त्याला सक्रिय सेवेतून बाजूला काढलं. तो फ्रान्सला परतून आरामात राहू लागला.

आणि इथे त्याच्यातला दुसरा माणूस पहिल्यांदा दिसतो. अल्जेरियाच्या दक्षिण भागात बू अमामा नावाच्या नेत्याच्या नेतृत्वाखाली उठाव झाला आणि आपली पलटण मोहिमेवर निघाली, ही बातमी त्याच्या कानावर आली. आपले सोबती तिथे लढताहेत आणि मी इथे मेजवान्या झोडतोय, हे त्याला सहन झालं नाही. अर्ज करून तो परत सेवेत गेला, मीमीला मागे ठेवून. मोहिमेत उन्हातान्हात, तहानेत, कसलीही तक्रार न करता राहिला. शिपायांची काळजी घेणारा चांगला अधिकारी म्हणून त्याचं नाव झालं. सोम्यूरच्या मित्रांना हा तोच शार्ल यावर विश्वास बसला नसता.

त्या मोहिमेत आणि नंतरच्या प्रवासात त्यानं एक दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. वाळवंटातले मुसलमान दिवसातून पाच वेळा सगळं सोडून देवापुढे वाकत होते. व्यापारी असो, उंटवाला असो, वेळ झाली की कपाळ जमिनीला. देव खरोखर समोर आहे असं मानून जगणारी माणसं तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता. त्याच्या आत काहीतरी हललं. हे आपण ख्रिस्ती लोकांनी लक्षात ठेवायला हवं. प्रभूकडे परतायच्या वाटेवरचं पहिलं बोट त्याला परधर्मीयांनी धरायला दिलं.

१८८२ च्या सुरुवातीला त्यानं लष्कराचा राजीनामा दिला. वय २३. डोक्यात एकच वेड, मोरोक्को बघायचं. तेव्हा त्या देशाचा बराच भाग युरोपियनांना बंद होता. ओळखला गेला असता तर जीवच गेला असता. म्हणून त्यानं ज्यू धर्मगुरूचा वेश घेतला आणि मर्दखय अबी सरूर या खऱ्या रब्बीला वाटाड्या म्हणून सोबत घेतलं. जून १८८३ ते मे १८८४, जवळजवळ अकरा महिने तो असा फिरला. तळहातात मावेल एवढी वही आणि पेन्सिलीचा तुकडा झग्यात लपवून चालता चालता टिपणं काढायचा. ज्यू समजून लोकांनी त्याचा अपमान केला, दगडही मारले. सरदार घराण्यातल्या पोराला सगळ्यात खालच्या जागी असणं म्हणजे काय ते तिथे कळलं. परतल्यावर पॅरिसच्या भूगोल संस्थेनं १८८५ मध्ये त्याला सुवर्णपदक दिलं. वय २६, सगळीकडे नाव.

आता त्याच्याकडे सगळं होतं. आणि पॅरिसच्या भाड्याच्या घरात तो रात्री जमिनीवर झोपायचा आणि त्याला काहीतरी कमी वाटत राहायचं.

पॅरिसमध्ये त्याची आत्या राहायची, आणि आत्येबहीण मारी दे बोंदी. मारी त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी. लहानपणापासून त्याला तिचा ओढा होता. त्याच्या सगळ्या भानगडी या घराला ठाऊक होत्या, तरी त्याचं स्वागत झालं. मारीनं त्याला उपदेश केला नाही. वादही घातला नाही. ती रोज मिस्साला जायची आणि त्याच्याशी प्रेमानं वागायची, बस्स. शार्लच्या डोक्यात मग हिशेब सुरू झाला. इतकी हुशार, इतकी समंजस बाई जे मानते ते अगदीच खुळचट कसं असेल? कदाचित त्यात खरं असेलही.

तो चर्चमध्ये जाऊन मागे बसायला लागला. विश्वास नव्हता. तरी तासन्‌तास बसून तो एकच विचित्र प्रार्थना करायचा. देव असलाच तर त्यानं आपली ओळख करून द्यावी, एवढीच. मला ही प्रार्थना फार धीर देते. देव आहे याची खात्री नसतानाही त्याच्याशी बोलता येतं. त्याला आधी सर्टिफिकेट लागत नाही.

ऑक्टोबर १८८६ च्या अखेरीस एका सकाळी तो पॅरिसच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये गेला. तिथे फादर ह्युवलँ होते, मारीचे आध्यात्मिक मार्गदर्शक. विद्वान माणूस, पण मोठ्या पदांचा नाद सोडून साधे सहायक धर्मगुरू म्हणून राहिलेले. स्वतः आजारी, आणि तासन्‌तास लोकांचं कुमसार ऐकणारे. शार्ल त्यांच्या कुमसारघराजवळ उभा राहिला आणि म्हणाला की मी कुमसाराला आलेलो नाही, माझ्यात श्रद्धा नाही, मला फक्त धर्माचं शिक्षण हवंय.

हे त्याचं भाषण होतं. आधी शिकतो, समजून घेतो, पटलं तर मग बघू.

फादरांनी ते पुरं होऊ दिलं नाही. त्यांनी त्याला गुडघे टेकून कुमसार करायला सांगितलं. शार्लनं पुन्हा सांगितलं की मी त्यासाठी आलो नाही. फादरांनी पुन्हा तेच सांगितलं. आणि हुकूम देण्याघेण्यात वाढलेला हा माजी अधिकारी खाली बसला आणि त्यानं आपलं सगळं आयुष्य सांगून टाकलं. पापक्षमा झाली. मग फादरांनी विचारलं, काही खाल्लंयस का? कारण त्या काळी ख्रिस्तप्रसादाआधी मध्यरात्रीपासून उपास लागायचा. त्यानं काही खाल्लेलं नव्हतं. त्यांनी त्याला लगेच ख्रिस्तप्रसाद घ्यायला पाठवलं. झगा, अंगठी, जोडे, सगळं एका सकाळी.

इथे मी वाचायची थांबले होते. फादरांनी त्याच्या प्रश्नांना कमी लेखलं नव्हतं. शार्ल पुढे कितीतरी वर्षं त्यांना विचारत राहिला आणि ते उत्तरं देत राहिले. पण त्यांनी ओळखलं होतं की या माणसाला या घडीला उत्तराची गरज नाही, घराची गरज आहे. दारात उभं राहून घराचा नकाशा मागणाऱ्याला त्यांनी हाताला धरून आत घेतलं. पुढे कितीतरी शंका आत बसूनच सुटल्या.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं, पण परत येणं असं एका दिवसात संपत नाही. १८८८ च्या अखेरीस तो पवित्र भूमीला गेला. नाझरेथच्या गल्ल्यांतून चालताना त्याच्या मनात ठसलं की प्रभू येशूनं आपल्या आयुष्याची बहुतेक वर्षं इथे काढली, सुतारकाम करत, कुणाच्या नजरेत न येता. मलाही असंच जगायचंय, हे त्यानं ठरवलं. जानेवारी १८९० मध्ये तो ट्रॅपिस्ट मठवासी झाला आणि काही महिन्यांनी सीरियातल्या अकबेसच्या गरीब मठात गेला. सात वर्षांनी तेही जीवन त्याला सुरक्षित वाटायला लागलं. मग परवानगी घेऊन तो नाझरेथला आला आणि क्लारा भगिनींच्या मठात गडी म्हणून राहिला. बागेतली अवजारं ठेवायची खोपी, तेच त्याचं घर. सोम्यूरमधला मेजवान्यांचा राजा आता बाजारातून निरोप आणि सामान आणत होता.

९ जून १९०१ रोजी त्याला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, वयाच्या ४२ व्या वर्षी. आणि त्यानं मागितलं काय? जिथे तो तरुण अधिकारी म्हणून ख्रिस्ताला लाज आणत फिरला होता तेच सहारा वाळवंट. आधी बेनी अब्बेसला. तिथे दारावर सकाळपासून रात्रीपर्यंत माणसं यायची. गरीब, आजारी, प्रवासी, शिपाई, गुलाम. फ्रेंच राज्यात गुलामगिरी चालू दिली जाते याविरुद्ध त्यानं पत्रांमागून पत्रं लिहिली आणि काही गुलामांना पैसे भरून सोडवलं. मग १९०५ मध्ये तो आणखी दक्षिणेला, होगार डोंगरांत, तामनरासेतला गेला. मोजक्या झोपड्यांचं गाव, तुआरेग लोकांचं. तिथे त्यानं त्यांची भाषा शिकली, त्यांच्या कविता उतरवून घेतल्या, मोठा शब्दकोश तयार केला. आजही अभ्यासक तो वापरतात.

एक खरी गोष्ट लपवणार नाही. फ्रान्सच्या राज्याबद्दल त्याच्या मनात शेवटपर्यंत आपलेपणा होता, लष्करी अधिकाऱ्यांशी मैत्री आणि पत्रव्यवहार होता. दुसऱ्यांच्या भूमीवरचं ते राज्य मुळात चुकीचं होतं, हे आज आपल्याला स्वच्छ दिसतं. त्याला तसं दिसलं नाही. अंगावरचा गणवेश उतरला, मनातला पुरता उतरला नाही. परतलेला मुलगासुद्धा वाटेतली धूळ थोडी घेऊनच घरात येतो. संतही आपल्या काळाची माणसं असतात आणि देव त्यांना तसंच घेतो.

त्याला वाटलं होतं की आपल्यामागे भाऊ येतील, छोटा संघ उभा राहील. नियमही लिहून ठेवले होते. एक जण आला आणि काही महिन्यांत तब्येतीपायी परतला. १९०७ चा नाताळ आला तेव्हा त्या गावात दुसरा एकही ख्रिस्ती माणूस नव्हता, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे मिस्साला दुसरं कुणीतरी हजर लागायचं. ज्या येशूसाठी सगळं सोडलं त्याच्या जन्मदिवशी त्याला मिस्सा करता आली नाही.

त्याच सुमाराला भयंकर दुष्काळ होता. पाऊस नाही, शेळ्यांना दूध नाही. जवळचं धान्य त्यानं भुकेल्यांना वाटून टाकलं होतं. जानेवारी १९०८ मध्ये तो कोसळला. हलताही येईना. आणि तेव्हा तुआरेग लोक आले. आसपास जिथे कुठे शेळीला थोडं दूध होतं तिथून ते गोळा करून आणलं आणि त्याला पाजलं. स्वतःची पोरं उपाशी असताना.

मला वाटतं, हे त्याचं दुसरं परतणं. तोवर तो देणारा होता. त्या दिवशी मुसलमान शेजाऱ्यांच्या हातचं दूध घेऊन त्याला कळलं की आपणही फक्त घेणारे आहोत. तो वाचला. महिनाअखेरीस एकट्यानं मिस्सा करायची परवानगीही आली. त्यानंतर तो मदत करणारा साहेब कमी आणि शेजारी जास्त झाला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात वाळवंटात अशांतता पसरली. १ डिसेंबर १९१६ च्या संध्याकाळी एका ओळखीच्या माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवून त्यानं दार उघडलं आणि हल्लेखोरांनी त्याला पकडून बांधलं. त्याच्यावर पहारा द्यायला एक कोवळा पोरगा ठेवला होता. अचानक दोन उंटस्वार शिपाई येताना दिसले, पोरगा घाबरला आणि त्यानं गोळी झाडली. वय ५८. शेजारी कुणी शिष्य नाही, मागे कुठला संघ नाही. आकडे शोधाल तर हाती काही लागणार नाही.

पण योहानाच्या बाराव्या अध्यायातला गव्हाचा दाणा आठवा, जो मातीत पडून मरतो. १९३३ मध्ये येशूचे लहान बंधू आणि १९३९ मध्ये येशूच्या लहान भगिनी हे संघ त्याच्याच वाटेवर उभे राहिले. गरिबांच्या वस्त्यांत, कारखान्यांत, साध्या शेजाऱ्यासारखं राहणारे. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत घोषित केलं. त्याच दिवशी, त्याच वेदीसमोर, आपल्या कन्याकुमारीकडचे देवसहायम पिल्लैही संत झाले. त्रावणकोरच्या दरबारातला अधिकारी आणि फ्रेंच घोडदळातला अधिकारी, दोघांची नावं एकत्र वाचली गेली.

माझं पुढे काय झालं, ते सांगते. ते चरित्र संपवल्यावर पुढच्याच शनिवारी मी जवळच्या चर्चमध्ये गेले. रांगेत उभी होते तेव्हाही भाषण तयार होतं, चार वर्षांचं स्पष्टीकरण. गुडघे टेकल्यावर त्यातलं काही आठवलंच नाही. चार वर्षं आले नाही, एवढंच म्हटलं आणि रडू आलं. आत बसलेले वयस्कर फादर शांतपणे म्हणाले की आलीस ना, झालं. बाहेर येऊन मी आईला फोन केला आणि तिला खरं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तिला ते माहीत होतं. तरी दर रविवारी विचारत होती.

माझे सगळे प्रश्न सुटले का? नाही. काही अजून आहेत. पण आता मी ते आतून विचारते.

तुमच्यापैकी कुणी आज दूरच्या देशात असाल, तर भाषण पूर्ण व्हायची वाट बघू नका. आणि तुमचं कुणी दूर गेलं असेल, तर मारी दे बोंदीसारखं वागता आलं तर बघा. वाद नको, टोमणे नकोत. दार उघडं आणि जेवणाचं ताट तयार.

आज करायची छोटी गोष्ट : घरी जाताना वाटेतल्या चर्चमध्ये पाच मिनिटं मागच्या बाकावर बसा. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल.

आजची प्रार्थना : प्रभू येशू, मी अजून वाटेतच आहे. माझ्या पाठ केलेल्या शब्दांची वाट पाहू नकोस, मला लांबूनच ओळख. जे परतायला घाबरतात त्यांच्याकडे आज कुणाला तरी पाठव, आणि वाटलं तर मलाच पाठव. आमेन.